लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या

मराठीत स्त्रियांनी लिहायला कधी उशीर केला नाही. महदंबेचे धवळे आहेत, जनाबाईंचे अभंग आहेत, ताराबाई शिंद्यांचा १८८२ सालचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा घणाघाती निबंध आहे. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आठवणींवाचून मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिताच येत नाही, आणि विभावरी शिरूरकरांपासून गौरी देशपांड्यांपर्यंत कथा-कादंबरीचा प्रवाह कुठे आटलेला दिसत नाही. नाटकाकडे वळलं की मात्र नावं विरळ होतात. जी आहेत ती वाङ्मयेतिहासाच्या एखाद्या परिच्छेदात, 'स्त्री नाटककार' अशा उपशीर्षकाखाली, एकमेकींना चिकटून उभी केलेली असतात. दिग्दर्शनाचा विषय निघाला तर एक मोठं नाव आदराने घेतलं जातं आणि चर्चा पुढे सरकते.

असं का व्हावं, हा या ग्रंथामागचा मूळ प्रश्न आहे. बायकांना नाट्य सुचत नाही, संघर्ष रचता येत नाही, त्यांचा पिंड आत्मनिवेदनाचा, अशी उत्तरं आपल्याकडे बरीच वर्षं दिली गेली. ती मला मुळीच पटत नाहीत. कविता ओट्यापाशी सुचते आणि रात्री दिवा मोठा करून वहीत उतरवता येते. कादंबरीही घरातली निजानीज झाल्यावर लिहिता येते, टोपणनावाने छापता येते. नाटक कागदावर पुरं होत नाही. त्याला मंडळी लागते, तालमीची जागा लागते, संध्याकाळ आणि रात्र मोकळी लागते, दौरा आणि पैसा लागतो. आणि आठ-दहा माणसांना, त्यातल्या वयाने मोठ्या पुरुषांना, 'हा प्रवेश पुन्हा करू' असं सांगायचा अधिकार लागतो. यातली एकही गोष्ट मराठी घरातल्या बाईच्या हाती सहज येण्यासारखी नव्हती. म्हणून स्त्रियांच्या नाट्यलेखनाचा आणि दिग्दर्शनाचा इतिहास हा माझ्या मते तालमीच्या जागेत शिरण्याचा इतिहास आहे. कोणाला तिथे शिरता आलं, कोणत्या दाराने, किती किंमत देऊन, आणि जिला शिरता आलं नाही तिने दुसरीकडे कुठे आपली तालीम उभी केली, हे पाहत गेलं की विखुरलेली नावं एका कथेत बसू लागतात.

त्या कथेची पार्श्वभूमी विलक्षण आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून मराठी नाटक स्त्रीविषयी बोलतच आलं आहे. देवलांच्या 'शारदे'ने १८९९ साली जरठ-बाला विवाहाचा प्रश्न घराघरांत नेला. गडकऱ्यांची सिंधू, अत्र्यांच्या 'घराबाहेर'मधली निर्मला, रांगणेकरांच्या 'कुलवधू'तली भानुमती, तेंडुलकरांची बेणारेबाई. स्त्रीचं दुःख हा आपल्या रंगभूमीचा जणू स्थायी विषय. ते लिहिणारे पुरुष होते, त्यांतले काही फार मोठे होते, आणि त्यांच्या नाटकांनी खऱ्या बायकांची आयुष्यं बदलायला मदत केली हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण दीर्घकाळ त्या स्त्रीचा आवाज आणि शरीरही पुरुषाचंच होतं. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला आणि बालगंधर्वांची भामिनी पाहून महाराष्ट्राने स्त्रीने दिसावं कसं, नेसावं कसं, लाजावं कसं याचे धडे घेतले. स्त्रीची प्रतिमा पक्की करण्याचं काम जिथे इतक्या जोरात चाललं होतं, त्या ठिकाणी स्त्रीला स्वतः बोलायचं असेल तर तिला किती रेटा द्यावा लागला असेल!

पहिला रेटा एकोणिसाव्या शतकातच दिला गेला. सोनाबाई चिमाजी केरकर यांचं 'छत्रपती संभाजी' १८९६ सालचं. पण ज्यांच्यामुळे ही कथा खऱ्या अर्थाने सुरू होते त्या हिराबाई पेडणेकर. सावंतवाडीत जन्मलेल्या, मुंबईत गिरगावात वाढलेल्या, कलावंत घरातल्या. भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकलेल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, मामा वरेरकर अशा लेखकांचा त्यांच्या घरी राबता होता, आणि नाटक कसं रचलं जातं याची चर्चा त्यांच्या दिवाणखान्यात होत असे. १९०४ साली त्यांनी 'जयद्रथ विडंबन' लिहिलं आणि १९१२ साली 'संगीत दामिनी'. 'दामिनी' केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'ने रंगभूमीवर आणलं. एका स्त्रीने लिहिलेलं नाटक नावाजलेल्या व्यावसायिक मंडळीने करणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती! आणि तरी त्या प्रयोगात तिची वाक्यं आणि तिची पदं स्त्रीवेषातल्या पुरुषाच्याच तोंडी होती.

हिराबाईंना नाटकाच्या मंडळींत वावरता आलं ते कलावंत घराण्यामुळेच. कुलीन म्हणवणाऱ्या घरातल्या बाईला परपुरुषांसमवेत बसून प्रवेशांची चर्चा करणं अशक्य होतं. पण ज्या जन्माने हे दार उघडलं त्याच जन्माने त्यांना लेखक म्हणून मिळायला हवा होता तो मान अडवला. पुढे त्या मुंबई सोडून गुहागरजवळ पालशेतला गेल्या आणि तिथून त्यांचं नवं नाटक रंगभूमीवर आलं नाही. १९५१ साली त्या वारल्या. वसंत कानेटकरांनी 'कस्तुरीमृग' लिहून त्यांना पुन्हा चर्चेत आणलं, परंतु त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. हिराबाई आपल्याला नाटकातली नायिका म्हणून जितक्या ठाऊक आहेत तितक्या नाटककार म्हणून नाहीत. त्यांच्या प्रेमाची, एकाकीपणाची, पालशेतच्या दिवसांची चर्चा खूप झाली. 'दामिनी'ची पदं कशी बांधली आहेत, कथानकाची गुंतागुंत कोल्हटकरी वळणाची किती आणि स्वतःची किती, याचा अभ्यास फार थोड्यांनी केला. या ग्रंथात तो मनापासून केलेला आहे, आणि माझ्या दृष्टीने एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा तो वाचावा.

गिरिजाबाई केळकर दुसऱ्या दाराने आल्या. त्या मध्यमवर्गीय गृहिणी, वास्तव्य जळगावचं, आणि त्यांची शिदोरी वाचनाची व स्त्रियांच्या संघटनेच्या कामाची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड' या नाटकाला उत्तर म्हणून त्यांनी १९१३ साली 'पुरुषांचे बंड' लिहिलं. तो काळ खाडिलकरांच्या कीर्तीच्या भराचा होता. 'कीचकवधा'वर सरकारने बंदी घातलेली, 'मानापमान' गाजत असलेलं. अशा नाटककाराशी जाहीर वाद घालायचा, आणि तोही लेख लिहून नव्हे तर नाटक लिहून, हे धाडस मला आजही थक्क करतं. पुढे 'आयेषा', 'राजकुंवर', 'हीच मुलीची आई' अशी नाटकं त्यांनी लिहिली. १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, आणि तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. नंतर दुर्गा खोटे, फैय्याज, कीर्ती शिलेदार यांनीही ते आसन भूषवलं, पण या सगळ्याजणींची ओळख प्रामुख्याने अभिनेत्री-गायिका म्हणून. नाटककार असलेली स्त्री त्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग १९२८ सालीच येऊन गेला होता, याची आठवण आपण ठेवलेली नाही.

गिरिजाबाईंची नाटकं आज वाचताना काही ठिकाणी बोधाचा सूर जड वाटतो. गृहिणीधर्मावरची त्यांची श्रद्धाही आजच्या वाचकाला अडेल. स्त्रीने लिहिलं म्हणून ते आजच्या अर्थाने बंडखोर असलंच पाहिजे, असा हट्ट मात्र आपण धरू नये. त्यांचं मोल त्यांनी सभ्य घरातल्या बाईसाठी नाट्यलेखन हा उघड, स्वतःच्या नावाने करायचा उद्योग करून दाखवला यात आहे.

रंगमंचावर स्त्री उभी राहण्याची लढाई याच सुमारास चालू होती. स्त्रियांच्याच नाटक मंडळ्या निघाल्या, कमलाबाई गोखल्यांसारख्या नटी रंगभूमी आणि मूकपट दोन्हीकडे वावरल्या, हिराबाई बडोदेकरांनी 'नूतन संगीत नाटक मंडळी' काढली, आणि १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्यावर सुशिक्षित समाजातला विरोध ढासळू लागला. नटी आली म्हणजे लेखिकाही येईल असं वाटणं साहजिक होतं. तसं लगेच झालं नाही. चाळीस-पन्नासच्या दशकांत मालतीबाई बेडेकरांचं 'पारध', मुक्ताबाई दीक्षितांचं 'जुगार', सरिता पदकींचं 'बाधा' अशी नाटकं येत राहिली. शकुंतला परांजप्यांनी लिहिलं, खुद्द ज्योत्स्नाबाईंनी 'आराधना' लिहिलं. पण ही बहुतेक एकेकटी बेटं होती. एखाद्या संस्थेचा सलग आधार मिळून तीन-चार नाटकं एकाच चमूबरोबर करता आली असती, तर यांतली एखादी तरी रंगभूमीची मोठी लेखिका झाली असती असं मला राहून राहून वाटतं. नाटककार तालमीत घडतो. दुसऱ्या अंकातला ढिला प्रवेश नटांच्या तोंडून ऐकला की लेखकाला आपोआप कळतो. तो घरी एकटीने वाचून कळत नाही.

हे चित्र बदललं ते स्त्री तालमीची सूत्रधार झाली तेव्हा. विजया मेहता यांच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यांचं 'झिम्मा' हे आत्मकथनही उपलब्ध आहे, त्यामुळे तपशिलांची उजळणी मी करत नाही. मला त्यांच्या कामाचा एक पैलू अधोरेखित करायचा आहे. इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे शिकून आलेल्या या तरुणीने १९६० साली सहकाऱ्यांसह 'रंगायन' सुरू केली. 'रंगायन' ही नाटकं करणारी संस्था होती, त्याहून अधिक ती नाटक शिकण्याची जागा होती. तिथे तेंडुलकर लिहीत होते, चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' आकार घेत होतं, इयनेस्कोचं 'खुर्च्या' मराठी प्रेक्षकांपुढे ठेवलं जात होतं. 'सत्यकथे'त छापून आलेली महेश एलकुंचवार या नागपूरच्या अपरिचित तरुणाची 'सुलतान' ही एकांकिका विजयाबाईंनी वाचली आणि ती करायचं ठरवलं. एक मोठा नाटककार रंगभूमीला मिळण्याच्या मुळाशी एका दिग्दर्शिकेचं वाचन आहे. याच एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' त्यांनी १९८५ साली बसवलं, तेव्हा त्या वाचनाचं पुरेपूर सार्थक झालं.

व्यावसायिक रंगभूमीवर येऊन त्यांनी जयवंत दळवींची 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'महासागर', 'पुरुष' आणि अनिल बर्व्यांचं 'हमीदाबाईची कोठी' ही नाटकं केली. प्रायोगिक रंगभूमीवर जमवलेली नटाची शिस्त तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला रुचते हे त्यांनी सिद्ध केलं. ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' त्यांनी फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकासोबत केलं आणि पुढे जर्मन नटांना घेऊन 'शाकुंतल' बसवलं. यांतली बहुसंख्य नाटकं पुरुषांनी लिहिलेली आहेत. म्हणून काही अभ्यासकांनी विचारलं आहे की विजयाबाईंच्या कामात 'स्त्रीदृष्टी' कुठे आहे? मला हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी ठेवलेला वाटतो. नटाने आवाज चढवून वाक्य फेकण्याऐवजी शरीराचा तोल, वस्तूंशी असलेलं नातं, दोन वाक्यांमधली शांतता यांतून माणूस उभा करायचा, ही मराठी अभिनयाची वाट त्यांनी रुंद केली. आणि तालमीत शेवटचा शब्द बाईचा असू शकतो हे दोन पिढ्यांच्या नटांनी रोज अनुभवलं. त्यानंतर दिग्दर्शिकेसमोर उभं राहणं मराठी नटाला नवं राहिलं नाही. हा बदल कोणत्याही संहितेत सापडणार नाही.

'रंगायन'नंतरची वाट 'आविष्कार'ची. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी ही संस्था सुरू केली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाला घर मिळालं. सुलभाताई मुळात शिक्षिका. बेणारेच्या भूमिकेमुळे त्यांचं नाव अजरामर झालं, पण त्यांनी जिवाच्या आकांताने वाढवली ती मुलांची 'चंद्रशाला'. माधव साखरदांडे यांच्या 'दुर्गा झाली गौरी'चे प्रयोग मुलांच्या एकामागून एक पिढ्या करत राहिल्या. त्याआधी सुधा करमरकरांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून, मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने १९५९ साली 'लिटल थिएटर' उभारलं आणि रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने सुरुवात केली. शाळेच्या स्नेहसंमेलनात बसवायचं ते मुलांचं नाटक, हा समज सुधाताईंनी पुसला. मोठ्यांच्या नाटकाइतकीच तयारी, तितकंच नेपथ्य, तितकीच तिकीटबारी. पुण्यात मुलांच्या नाटकाच्या ग्रिप्स चळवळीत नट, लेखिका, दिग्दर्शिका अशा तिन्ही नात्यांनी काम केलेल्या विभावरी देशपांडे यांचं कामही याच धारेत येतं.

नाट्येतिहासात बालनाट्याला शेवटचं प्रकरण मिळतं, तेही जागा उरली तर. 'मुलांचं पाहणं हे बायकांचं काम' या घरातल्या वाटणीचीच ती पुढची पायरी आहे, आणि ती मोडायला हवी. आज मराठी रंगभूमीवर वावरणाऱ्या कितीतरी नटांचं, तंत्रज्ञांचं आणि प्रेक्षकांचं पहिलं नाटक याच बायकांनी बसवलेलं होतं.

लेखनाच्या अंगाने सत्तर-ऐंशीच्या दशकांत वेगवेगळ्या वाटा फुटल्या. सई परांजपे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आल्या, त्यांनी 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी' यांसारखी नाटकं लिहिली, आणि आपलं लेखन आपणच बसवायचं ही रीत सहजपणे रुजवली. विनोद हा स्त्रीच्या लेखणीचा प्रांतच नव्हे, असं समजणाऱ्यांना त्यांच्या संवादांनी परस्पर उत्तर दिलं. आरती हवालदार यांनी लोर्काचं 'येर्मा' मराठी मातीत आणून 'चांगुणा' केलं, आणि भाषांतर ही केवढी निर्मितीची गोष्ट आहे ते दिसलं. शांता गोखले यांनी 'अविनाश' हे नाटक लिहिलं, मराठी नाटकाचा १८४३ पासूनचा इतिहास इंग्रजीत लिहिला, आणि कित्येक मराठी संहिता भाषांतरांतून बाहेर पोचवल्या. प्रतिमा कुलकर्णी यांनी डॉ. श्रीराम लागूंना घेऊन एलकुंचवारांचं 'आत्मकथा' बसवलं. त्या नाटकात एक कीर्तिवंत वृद्ध लेखक आपल्या आयुष्यातल्या स्त्रियांच्या जबान्यांपुढे उभा राहतो. ते एका स्त्रीने दिग्दर्शित केलेलं असणं मला फार अर्थपूर्ण वाटतं. याच काळात देशभरही असं घडत होतं. कोलकात्यात उषा गांगुली, चंदीगडमध्ये नीलम मानसिंग चौधरी, दिल्लीत अनुराधा कपूर आणि त्रिपुरारी शर्मा, कर्नाटकात बी. जयश्री आपापली भाषा घडवत होत्या.

नाट्यगृहाचं दार ज्यांच्यासाठी उघडलं नाही किंवा ज्यांना ते नकोच होतं, त्यांनी नाटक रस्त्यावर, मैदानात, वस्तीत नेलं. स्त्रीमुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' १९८३ सालचं. लोकगीतांच्या चाली, फेर, ओळखीच्या म्हणी, घरातले रोजचे संवाद. नेपथ्य जवळजवळ नाही. आणि काम करणाऱ्या बायका बऱ्याचशा नोकरी-संसार सांभाळून आलेल्या कार्यकर्त्या. गावोगाव त्याचे प्रयोग झाले, इतर भाषांत ते गेलं. ज्या दशकात गर्भजलपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्रात मोहीम उभी राहिली आणि १९८८ साली राज्याने कायदा केला, त्या दशकाचा सूर ऐकायचा असेल तर या नाटकाकडे यावं लागतं. त्याला 'प्रचारनाट्य' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी त्याची रचना नीट पाहिलेली नाही. एकच बाई क्षणात सासू, क्षणात सून, क्षणात डॉक्टर होते, आणि समोर बसलेल्या बाईला आपलं घर ओळखू येतं. यासाठी लागणारं कसब मोठं आहे.

सुषमा देशपांडे यांनी एकटीच्या बळावर दुसरं दार उघडलं. 'व्हय मी सावित्रीबाई' १९८९ पासून शाळांत, वस्त्यांत, खेड्यांत, परिषदांत होत राहिलं. पुढे इतर अभिनेत्रींनीही ते केलं. 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड'मध्ये तमाशातल्या बाईचं जगणं आलं, 'बया दार उघड'मध्ये संत कवयित्री आल्या. पुढे ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मचरित्राचं नाट्यरूप त्यांनी बसवलं, त्यात तिघीजणी मिळून एकच ऊर्मिला उभी करतात. स्त्रियांनी आत्मकथनात साठवून ठेवलेला ऐवज रंगभूमीवर आला की काय होतं, ते या प्रयोगात दिसलं. एकीची आठवण तिघींच्या तोंडून आल्यावर ती एकटीची राहत नाही. प्रज्ञा दया पवार यांनी 'धादांत खैरलांजी' लिहून जातीच्या हिंसेचा प्रश्न नाट्यलेखनात थेट आणला. दलित स्त्रीच्या लेखणीतून आलेली नाटकं अजून थोडी आहेत आणि ती उणीव या ग्रंथालाही भरून काढता आलेली नाही.

आणि तमाशा. दिग्दर्शिकांच्या यादीत कांताबाई सातारकरांचं नाव कोणी घेत नाही. पण फडाची मालकीण गण, गवळण, बतावणी, वग यांचा क्रम ठरवते, कुठला वग कोणत्या गावात लावायचा हे जाणते, नव्या पोरीला उभं राहायला शिकवते, वेळ पडली तर स्वतः पुरुषाची भूमिका करते, तेव्हा ती दिग्दर्शनच करत असते. कांताबाईंनी पुरुष भूमिका गाजवल्या. विठाबाई नारायणगावकर आणि पुढे मंगला बनसोडे यांनी फड चालवले. हे ज्ञान लिहून ठेवलेलं नाही म्हणून त्याला दिग्दर्शन म्हणायचं नाही, हा शहरी इतिहासलेखनाचा दोष आहे. सावित्री मेधातुल यांच्या 'संगीत बारी'ने लावणी कलावतींना स्वतः बोलतं करून शहरातल्या प्रेक्षकाचं बघणं तपासायला लावलं, ते याच दिशेचं पाऊल आहे.

आजच्या पिढीकडे पाहिलं की मला आनंदही होतो आणि काळजीही वाटते. मनस्विनी लता रवींद्र यांचं 'सिगारेट्स' आणि नंतर व्यावसायिक रंगभूमीवर तरुणांनी उचलून धरलेलं 'अमर फोटो स्टुडिओ', शिल्पा नवलकर यांचं 'सेल्फी', इरावती कर्णिक यांचं लेखन यांत भाषा बदललेली आहे. नायिका सोसत बसत नाही, पण घोषणाही देत नाही. ती गोंधळलेली असते, हसते, चुकते. पुण्याच्या ललित कला केंद्रातून, राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, एकांकिका स्पर्धांतून मुली लिहित्या-बसवत्या होत आहेत. काळजी अशी की यांतल्या पुष्कळजणी चार-दोन प्रयोगांनंतर मालिका, चित्रपट, वेबसीरिज यांच्या लेखनाकडे जातात. तिथे पैसा आहे आणि काम नियमित आहे, त्यांना दोष देता येत नाही. रंगभूमी त्यांना काय देते? शनिवार-रविवारचे प्रयोग, नोकरीनंतरच्या तालमी, रात्री उशिरा घरी परतण्याची व्यवस्था आपापली. लहान मूल असलेल्या दिग्दर्शिकेने तालमीला यायचं कसं, हा प्रश्न हिराबाई पेडणेकरांच्या काळी कोणी विचारला नाही आणि आजही फार थोड्या संस्था विचारतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला, पण ज्या हौशी आणि प्रायोगिक गटाला ना कचेरी आहे ना नोंदवही, तिथे तक्रार करायची कोणाकडे? हे प्रश्न नाट्यकलेच्या बाहेरचे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझा ठाम मतभेद आहे. कोण लिहिणार आणि कोण बसवणार हे याच गोष्टी ठरवतात.

या विषयावर दोन भूमिका वर्षानुवर्षं समोरासमोर उभ्या आहेत. एक म्हणते, नाटककार तो नाटककार, त्यात स्त्री-पुरुष कशाला. वेगळं प्रकरण केलं की वेगळी पंगत मांडल्यासारखं होतं. दुसरी म्हणते, वेगळं शोधल्याशिवाय ही नावं हाती लागणारच नाहीत. अनेक लेखिकांना आणि दिग्दर्शिकांना पहिली भूमिका जवळची वाटते आणि त्यांचा तो हक्क आहे. तरी संपादन करताना आम्ही दुसरी पत्करली, कारण जुन्या संहिता ग्रंथालयांत जीर्ण होत आहेत, तालमीच्या वह्या घर आवरताना रद्दीत जातात, फडावरच्या आणि छबिलदासमधल्या आठवणी सांगणारी माणसं वयाने थकली आहेत. वेगळं प्रकरण नको असेल तर आधी सामग्री मुख्य प्रकरणात बसण्याइतकी भरपूर हवी.

म्हणून या ग्रंथात केवळ समीक्षालेख नाहीत. संहितांमधले निवडक प्रवेश आहेत, दिग्दर्शिकांच्या आणि फडमालकिणींच्या दीर्घ मुलाखती आहेत, नेपथ्य, वेशभूषा, प्रॉम्प्टिंग करणाऱ्या स्त्रियांनी सांगितलेल्या तालमींच्या हकिगती आहेत. नाटक कसं 'झालं' याकडे लक्ष ठेवायचं, हे सूत्र सगळ्या लेखकांनी मान्य केलं. कोण पहिली याची शर्यत लावायची नाही, हेही ठरवून घेतलं होतं. मतभेद जसेच्या तसे ठेवले आहेत. गिरिजाबाईंविषयीचे दोन लेख एकमेकांचं म्हणणं खोडतात आणि मला ते दोन्ही हवे होते. झाडीपट्टीच्या नाटकांतल्या स्त्रिया, गोव्यातली उत्सवी रंगभूमी, जिल्ह्याजिल्ह्यांत राज्य नाट्यस्पर्धेसाठी चिकाटीने नाटकं बसवणाऱ्या शिक्षिका, ग्रंथपाल, बँकेतल्या कर्मचारी यांच्यापर्यंत आम्ही पुरेसे पोचलो नाही. पुढचा खंड तिथून सुरू व्हावा अशी इच्छा आहे आणि त्यासाठीची जमवाजमव चालू आहे.

वाचकांना एकच विनंती. 'दामिनी' आणि 'पुरुषांचे बंड' यांतले प्रवेश डोळ्यांनी वाचून पुढे जाऊ नका. चार जण जमवा, भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. 'दामिनी'तली पदं गाता येणारं कोणी असेल तर फारच उत्तम. कुठलं वाक्य आज जिभेवर येत नाही, कुठल्या ठिकाणी ऐकणारे हसतात आणि ते लेखिकेला अपेक्षित होतं की नाही, याची नोंद करा आणि आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्या नोंदी प्रवेशांच्या शेजारी छापायच्या आहेत.